कपाटामागची भिंत

मागच्या जूनमध्ये लेकीला खोकला लागला तो गणपती आले तरी जाईना. चार वर्षांची पोर, दिवसा एकदम ठणठणीत, बालवाडीत नाचतेय बागडतेय, आणि रात्री दोन-अडीचला खोकत उठायची, छातीतून नुसती घरघर. सिरप झालं, दुसरं सिरप झालं, सासूबाईंची ओव्याची पुरचुंडी झाली, शेवटी नेब्युलायझर विकतच आणला.

मध्ये चार दिवस माहेरी सोलापूरला गेलो तर एकदाही उठली नाही. आई म्हणाली, बघ हवा मानवली. मलाही तेवढंच वाटलं, डोकं पुढे चाललंच नाही.

मग डॉक्टरांनी विचारलं, ती झोपते त्या खोलीत ओल आहे का, कुबट वास येतो का? मी ठामपणे नाही म्हणाले. अहो, रोज त्याच घरात राहिलं की नाकाला सवय होते ना! घरी येऊन नवऱ्याने कपाट ओढलं आणि आम्ही दोघं गप्प. मागे हातभर उंचीपर्यंत काळे-हिरवे ठिपके, पोपडे निघालेले, आणि तिच्या पलंगाची उशाची बाजू बरोब्बर तिथेच. पश्चिमेची भिंत आहे, डोंबिवलीत पावसाची झड तिलाच झोडपते, बाहेर प्लास्टरला बारीकशी चीर, त्यातून पाणी आत, आणि कपाट भिंतीला चिकटून म्हणजे वारं लागायचा प्रश्नच नाही.

आणि मग मी अजून एक शहाणपणा केला, पोर खोलीत असतानाच कोरड्या फडक्याने खसाखसा पुसून काढलं सगळं. ती रात्र विसरणार नाही. डॉक्टर चांगलेच ओरडले. बुरशीचे बीजाणू हवेत तसेही असतातच, पण कोरडं घासलं की धुरळ्यासारखे उडतात, आणि एवढ्याशा मुलांच्या श्वासनळ्याच मुळात अरुंद, आतून जराशी सूज आली तरी श्वास अडतो. वर ओलीत धुळीतले माइट्स, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे, तेही वाढतात. हे बुरशीमुळेच झालं असं काही ते म्हणाले नाहीत, नवऱ्याला लहानपणी दमा होता, ते आलंच असेल तिच्यात. पण अशा मुलांना ओल सोसत नाही म्हणाले.

सोसायटीच्या काकांचं म्हणणं, तुम्ही घरात कपडे वाळवता म्हणून होतं. (पावसाळ्यात कुठे वाळवायचे, टेरेसवर?) पेंटरचं म्हणणं, ताई एक हात मारून देतो, दिसणार नाही. त्याच सुमारास इंग्लंडमधल्या रॉचडेलची बातमी वाचनात आली. दोन वर्षांचं बाळ २०२० मध्ये गेलं, घरातल्या बुरशीने श्वसनमार्ग बिघडून. वडिलांनी २०१७ लाच तक्रार केलेली, तर त्यांना वरून रंग मारा म्हणून सांगितलेलं, आणि वर तुमच्या राहणीमुळे होतंय असंही. वाचून पोटात गोळाच आला. आता तिकडे त्या बाळाच्या नावाने कायदा झालाय. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००९ मध्येच म्हटलंय की किती बुरशी चालेल असा आकडा देता येत नाही, मुळात ओलच राहू देऊ नका.

पेंटरला नको म्हटलं. लेकीला आजीकडे पाठवून, मास्क लावून, साबणाच्या पाण्याने ओलं करून भिंत धुतली, गादी टाकून दिली (जीवावर आलं, पण टाकली), पलंग दुसऱ्या भिंतीला नेला. खरं काम डिसेंबरमध्ये भिंत वाळल्यावर, बाहेरून चीर भरली, आतलं भुसभुशीत प्लास्टर फोडून नवीन केलं. खर्च विचारू नका.

यंदा नेब्युलायझर दोनदाच निघाला. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे, खोली विचित्र दिसते असं नणंद दर वेळी म्हणते. त्या फटीत लेकीचे क्रेयॉन पडतात, मी हात घालून काढते आणि काढता काढता भिंत चाचपून बघते.