आमची वाटचाल : काडी, पातं आणि एक भोक

पुतण्या म्हणाला, "काका, माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर ‘आमची वाटचाल’ टाकायची आहे, दोनशे शब्द द्या." दोनशे शब्दांत माझा पीटीओ शाफ्टसुद्धा (ट्रॅक्टरच्या मागून यंत्र फिरवणारा दांडा) कापून होत नाही. आम्ही चिपर बनवतो, म्हणजे बागेतल्या छाटलेल्या काड्यांचा चुरा करणारं यंत्र. जे आहे ते लिहून देतो, पुतण्याला काय कापायचं ते त्याने कापावं.

मी मूळचा टर्नर. नाशिकमधल्या सातपूरच्या आयटीआयमधून निघालो, एका मोठ्या कारखान्यात अकरा वर्षं लेथवर उभा राहिलो आणि २००९ साली सातपूर एमआयडीसीत अर्धा गाळा भाड्याने घेतला. अर्धा म्हणजे खरोखरच अर्धा. मधे पत्रा आणि पलीकडे पावडर कोटिंगची भट्टी. एप्रिल-मे महिन्यांत तो पत्रा इतका तापायचा की मायक्रोमीटर त्या बाजूला ठेवायची सोय नव्हती. सोबत भागीदार होता. तो वेल्डर, मी टर्नर. त्याचं नाव लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. मात्र त्याच्या वेल्डिंगला मी आजही नावं ठेवणार नाही. टाका असा बसवायचा की ग्राइंडर लावायला जीव होत नसे.

सुरुवातीला जॉबवर्क. ट्रॉलीचे हब, ब्लोअरचे (बागेत औषध फवारायच्या यंत्राचे) शाफ्ट, कुणाच्या रोटाव्हेटरची झिजलेली जागा भरून परत टर्न करून देणे. त्यातच दिंडोरीकडचे नाना आले. नऊ एकर द्राक्षबाग, बहुतेक थॉमसन, थोडी सोनाका. हब घ्यायला आले होते, पण हब राहिला बाजूला. खरड छाटणी (द्राक्षवेलीची एप्रिलमधली छाटणी) नुकतीच झालेली, बांधावर काड्यांचे डोंगर. म्हणाले, "मिस्तरी, वर्षभर मी वेलीला खत घालतो, तिची काडी होते आणि एप्रिलमध्ये मी ती काडेपेटीने पेटवून देतो. दहा रुपयांच्या पेट्रोलवर लाखाचं खत जातं. हिचा चुरा करून दे." मी म्हटलं, नाना, एवढी सोपी गोष्ट आहे का ती? म्हणाले, "सोपी असती तर तुझ्याकडे कशाला आलो असतो?"

पहिलं यंत्र २०१२ ला झालं. शाफ्ट अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारातून आणलेला. महापालिकेने तो बाजार उठवायच्या आधीची ही गोष्ट. ग्राइंडरची ठिणगी बघून ईएन-८ पोलाद असावं असं ठरवलं आणि ते तसंच निघालं. डिस्क ६०० मिलिमीटर व्यासाची, २० मिलिमीटर जाड प्लेटची. तिचंच वजन ४४ किलो. लोक विचारतात, एवढं जड कशाला? जड यासाठी की बागेतला ट्रॅक्टर २४ ते २८ हॉर्सपॉवरचा. जाड काडी आली की इंजिनला दम लागतो, तेवढ्या क्षणापुरतं काम डिस्कच्या स्वतःच्या गतीने निघून जातं. पीटीओच्या मिनिटाला ५४० फेऱ्या, त्यावर बेल्टने दुप्पट, म्हणजे डिस्कला १०८० फेऱ्या. मागच्या बाजूला पंखे वेल्ड केलेले, चुरा चिमणीतून बाहेर फेकायला. चिमणी बुटकी आणि वाकडी, कारण वर वेलीच्या वाय आकाराच्या मांडवाची तार आहे, चुरा तिथे अडकून घडांवर बसायला नको.

याच यंत्राच्या डाव्या पाखाडीला, म्हणजे बाजूच्या पत्र्याला, मी १३ मिलिमीटरचं एक भोक पाडलं होतं. कशासाठी? पाना टांगायला हूक लावायचा होता. हूक काही लावला नाही, पण भोक ड्रॉइंगवर चढलं. तिसऱ्या यंत्रापासून मी ते काढून टाकलं, मात्र ड्रॉइंगच्या कागदावर राहून गेलं. भोक लक्षात ठेवा.

नानांनी पैसे तीन हप्त्यांत दिले आणि तिन्ही वेळा स्वतः आणून दिले. त्यानंतर त्यांच्या शब्दावर किती यंत्रं गेली याचा हिशोब आमच्याकडे नाही. कुणी बाग बघायला आलं की ते आधी काड्यांचा चुरा दाखवायचे आणि मग द्राक्ष.

२०१५ ला सिंहस्थ. शाहीस्नानाच्या दिवसांत रस्ते बंद म्हणून गाळा चार दिवस उघडला नाही. पाचव्या दिवशी आलो तर ड्रॉइंगची फाइल जागेवरच होती, पण आतली पानं उलट्या क्रमाने लागलेली. झेरॉक्सवाल्याकडून गठ्ठा परत आला की जशी लागतात तशी. मी काही बोललो नाही. दोन महिन्यांनी भागीदाराने अंबडला स्वतःचा गाळा घेतला, आमच्याच आकाराचा चिपर, वेगळा रंग, किंमत अठरा हजारांनी कमी. कशी कमी ते तेव्हा कळलं नव्हतं.

आता २०१८. हे वर्ष लिहायचं नव्हतं, पण ते टाळून वाटचाल कसली?

त्या खरड छाटणीला चौदा यंत्रं गेली. एका हंगामात एवढी कधीच गेली नव्हती. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पिंपळगावहून फोन : "यंत्र नाचतंय." मग निफाड, मग ओझर. यूसीपी २१० च्या बेअरिंगा पंधरा दिवसांत खडखडायला लागल्या, बेल्ट जळायला लागले. मी आधी बेअरिंगवाल्याशी भांडलो, माल डुप्लिकेट आहे म्हणून. मग पात्यांवर संशय. हार्डनेस तपासून घेतला, ५७ आला, म्हणजे बरोबर. बेअरिंग बदलली, परत तीच गत. त्यातच वणीकडे एका यंत्राचा पात्याचा बोल्ट तुटला. पातं पत्र्याचं कव्हर फाडून पलीकडच्या ओळीत मातीत रुतलं. हॉपरपाशी त्या वेळी कुणी नव्हतं, एवढंच.

त्या रात्री मी सगळ्या चौदा जणांना फोन केले : यंत्र बंद ठेवा. सहा जणांनी पैसे परत मागितले. त्यातले तिघे अंबडला गेले, आणि तिकडे त्यांना सांगण्यात आलं, "मी उगाच सोडलं का त्याला?" हे वाक्य माझ्या कानावर तीन वेगवेगळ्या गावांतून आलं, त्यामुळे ते बोललं गेलं असणार.

उकल नानांच्या बागेत झाली. त्यांच्या चुलतभावाने चौदांतलं एक घेतलं होतं. तेही नाचत होतं, आणि शेजारच्या बागेत नानांचं २०१२ चं यंत्र घड्याळासारखं चालत होतं. दोन दिवस मी तिथे मुक्कामी. दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्रांची अदलाबदल केली. जुनं यंत्र चुलतभावाच्या नव्या छोट्या ट्रॅक्टरला लावलं तर तेही थरथरायला लागलं. नाना बांधावर बसले होते. म्हणाले, "मिस्तरी, आवाज बघ. आपल्याकडे घूं करतं, इथे घीं करतं."

टॅकोमीटर (फेऱ्या मोजायचं यंत्र) आणला, पीटीओवर पट्टी चिकटवून मोजलं. ७५० च्या जवळ! नव्या छोट्या ट्रॅक्टरांना पीटीओच्या दोन गती येतात आणि त्याने लिव्हर वरच्या गतीवर टाकलेला. ब्लोअर चालवताना तो तसाच ठेवायची सवय. मग बाकीच्या गावांना विचारलं तर नऊ जणांचं हेच. डिस्क १०८० ऐवजी १५०० ने फिरत होती.

पण लिव्हरवर सगळं ढकललं तर ते खोटं होईल. गती वाढते त्याच्या वर्गाने हिसका वाढतो. दोन समोरासमोरच्या पात्यांत २० ग्रॅमचा फरक असला तर १०८० ला तो साडेसहा किलोचा धक्का देतो आणि १५०० ला साडेबारा किलोचा, सेकंदाला पंचवीस वेळा. तो २० ग्रॅमचा फरक माझा होता. मी डिस्क दोन धारेच्या पट्ट्यांवर ठेवून तोलत होतो, जड बाजू खाली आली की तिथे ड्रिल मारायचं. ५४० ला ते चालून गेलं, म्हणून सहा वर्षं मला वाटत राहिलं की माझं बॅलन्सिंग उत्तम आहे.

चौदाही डिस्क परत आणल्या. अंबडला डायनॅमिक बॅलन्सिंग (डिस्क फिरवून तोलणं) करून घेतलं, पात्यांचे बोल्ट ८.८ ग्रेडचे काढून त्याहून कडक १०.९ चे घातले, कव्हरचा पत्रा दुप्पट जाड केला आणि हॉपरवर लाल पट्टी : "फक्त ५४०". या खर्चासाठी माझा राजकोटचा सहा फुटी लेथ विकला. सिन्नरच्या एका गाळ्यात तो अजून आहे. त्याच्या हेडस्टॉकवर डाव्या बाजूला रंग उडालेला एक पट्टा आहे, मी नऊ वर्षं तिथे हात ठेवून उभा राहायचो. मध्ये त्या गाळ्यात कामाला गेलो होतो, चालवणारा पोरगा चिपचा गुंता हाताने ओढत होता. त्याला दोन शब्द ऐकवून आलो. लेथ विकला म्हणून सल्ला द्यायचा हक्क विकला असं होत नाही.

२०१९ च्या ऑक्टोबरच्या पावसाने बागा धुऊन नेल्या आणि आमची उधारी त्याच्याबरोबर गेली. २०२० ला ऐन खरड छाटणीत लॉकडाऊन. त्यानंतरची वर्षं बरी गेली. यंत्रं जातात, पैसे येतात, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

त्यापेक्षा यंत्र जोडताना लोक काय करतात ते लिहितो, कारण निम्मे फोन त्याचेच असतात.

पीटीओ शाफ्ट कापायचा असतो. दुकानातून आणला आणि जोडला, असं नाही. यंत्र ट्रॅक्टरच्या मागच्या लिंकेजला लावा, वर-खाली करून बघा, ट्रॅक्टर आणि यंत्रातलं अंतर सर्वांत कमी कुठे होतं ती जागा धरा. शाफ्टचे दोन्ही भाग शेजारी धरून खूण करा आणि त्या सर्वांत जवळच्या जागीसुद्धा आत इंचभर मोकळीक उरेल असा कापा. आतली नळी, बाहेरची नळी, वरचं प्लॅस्टिक, सगळं सारखं. अंतर सर्वांत जास्त असतानाही नळ्या एकमेकींत एक तृतीयांश तरी राहिल्या पाहिजेत. न कापता जोडला तर यंत्र उचलताना शाफ्ट तळाला टेकतो आणि ट्रॅक्टरच्या पीटीओचं बेअरिंग आत ढकलतो. मग तुम्ही मला फोन करता. दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत हवेत. ओढून काढलेला शाफ्ट परत घालताना एक खाच चुकली की काट्यांमधला क्रॉस आठवड्यात गेलाच.

पातं आणि खालचा स्थिर दांडा यांतली फट दीड ते दोन मिलिमीटर. फीलर गेज कुणाच्या घरात नसतो, म्हणून हॅक्सॉची तीन पाती एकावर एक धरा. ती जेमतेम सरकली पाहिजेत. शाफ्ट काढून, डिस्क हाताने फिरवून प्रत्येक पात्याला मोजा. एकाच पात्याला मोजून ‘झालं’ म्हणणारे खूप आहेत. चुऱ्याऐवजी सालीच्या लांब दोऱ्या निघायला लागल्या तर धार गेली किंवा फट वाढली. चिमणी वारंवार तुंबत असेल तर आधी बेल्ट बघा. सैल बेल्ट घसरतो, पंख्यांची गती पडते, चुरा वर जात नाही. मग पानं बघा. ओल्या पानांची काडी दोन दिवस सुकू द्या. महिनाभर मात्र नको, वाळलेली काडी पात्याला दगडासारखी लागते. तार आणि सुतळी आधी काढा. धार लावताना सगळ्या पात्यांना सारखी लावा आणि किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन जुळवा. धार लावताना पातं निळं पडलं तर ते गेलं म्हणून समजा.

आणि शिअर बोल्ट तुटतो म्हणून त्या जागी कडक बोल्ट घालू नका. तो तुटायलाच ठेवला आहे. पात्याचा बोल्ट कडक, शिअरचा मऊ. गेल्या वर्षी एकाने बरोबर उलटं केलं होतं.

देवळा-सटाण्याकडच्या डाळिंबवाल्यांनी तेल्या रोग लागलेली काडी चिपरमध्ये घालून त्याच बागेत पसरू नये. हे यंत्राबाहेरचं आहे, पण सांगितलेलं बरं. ताजा चुरा लगेच रोटाव्हेटरने मातीत मिसळू नका, तो कुजताना जमिनीतला नत्र ओढतो. वरच पसरा. वेली पिवळ्या पडल्या तर त्यात यंत्राचा दोष नाही.

नाना आता बागेत कमी जातात, पण यंत्र दर मार्चला पात्यांसाठी येतं. सोबत त्यांचा नातू असतो. त्याला मी शाफ्ट काढायला लावतो, नानांनी तसं सांगून ठेवलं आहे.

मागच्या महिन्यात गाळ्यासमोर एक पिकअप थांबला. त्यात नवाकोरा चिपर, अंबडच्या रंगाचा. तरुण शेतकरी, निफाड तालुक्यातला. म्हणाला, कंपनीवाले फोन उचलत नाहीत, कंपन फार आहे, बघता का? कव्हर उघडलं. डिस्कला व्हर्नियर लावला : जाडी १२ मिलिमीटर, आमची २०. अठरा हजारांचा हिशोब तिथेच लागला. वेल्डिंग मात्र सुरेख होतं. ते भागीदाराच्या हाताचं असावं किंवा त्याने शिकवलेल्या कुणाच्या तरी.

मी पाती काढत होतो, तेवढ्यात तो पोरगा डाव्या बाजूला वाकून म्हणाला, "मिस्तरी, हे भोक कशाला दिलंय इथे? काहीच तर लागत नाही यात."

मी म्हटलं, "माझं आहे ते." आणि त्याच्याकडे एकोणीसचा पाना मागितला.