सोलापुरातली अझेलिया : तिसरं वर्ष, अकरा फुलं

१५ मार्च. शेवटचं फूल काल गळलं, म्हणून आज वही उघडली. अझेलिया म्हणजे थंड हवेत रमणारं फुलझुडूप. तीन कुंड्या, त्यातली एकच फुलली, ११ फुलं. महाबळेश्वरला बाग असणाऱ्यांनी हसून घ्यावं. आमच्याकडे आत्ताच दुपारी गच्चीवर अनवाणी उभं राहवत नाही.

नव्यांसाठी मागचं थोडक्यात. पहिलं रोप जमिनीत लावलं होतं. दोन फूट खड्डा, काळी माती काढून टाकली, कोकोपीट आणि पालापाचोळा भरला, मोठ्या ऐटीत. सप्टेंबरात पाऊस लागला आणि भोवतालच्या काळ्या मातीने पाणी पुढे सोडलंच नाही. खड्ड्याची बादली झाली. अझेलियाची मुळं केसासारखी बारीक आणि वरवरच पसरणारी, आठवड्यात कुजली. काळीत खड्डा करून लावायचा विचार असेल तर सोडा. जमिनीवर वाफा उचलून घ्या, नाहीतर सरळ कुंडी.

दुसऱ्या खेपेला कुंड्या केल्या. पानं पिवळी पडायला लागली आणि मी उन्हाला दोष देत बसलो. ५० टक्क्यांचं शेडनेट होतं, त्यावर आणखी एक चढवलं. रोपं अंधारात लांबुळकी झाली, पिवळी ती पिवळीच. आई म्हणाली, "कण्हेर लाव की, विचारावं लागत नाही तिला." खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं.

उलगडा केला सांगोल्याच्या डाळिंबवाल्या मित्राने. गच्चीवर आला, पान उलटसुलट केलं आणि म्हणाला, "सावली कसली करालाय बे? केवडा पडलाय ह्याला. पाणी बघ तुझं."

केवडा म्हणजे नव्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. ऊसवाल्यांना, डाळिंबवाल्यांना हे पाठ असतं. आपण कुंडीवाले मात्र 'खत कमी पडलं' म्हणून शेणखत वाढवतो. कुंडीत लोह असतं, पण सामू (पीएच, आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट) चढला की ते विरघळत नाही, मुळांना घेता येत नाही. अझेलियाला सामू साडेचार ते सहाच्या दरम्यान लागतो. माझं बोअरचं पाणी मोजलं तर ८.१. केटलीत पांढरा थर धरतो तो हाच चुना. कुंडीतलं मिश्रण कितीही आंबट केलं तरी रोज तांब्याभर चुना मीच ओतत होतो. दोन वर्षं उन्हाशी भांडलो, आणि घात पाण्याने केला.

हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) घालून पाहिला. दोन-चार दिवस बरं वाटलं, मग परत तेच, कारण चुनखडीत तोही बांधला जातो. चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेलं लोह, घेताना पुडीवर त्या रसायनाचं नाव वाचा. ईडीटीएवालं सामू साडेसहाच्या वर गेला की लोह सोडून देतं, ईडीडीएचएवालं चुनखडीतही टिकतं. महाग आहे, पाणी लालभडक होतं, फरशीवर सांडू नका. मी वर्षात दोनदाच दिलं. पाणी सुधारलं नाही तर तेही आयुष्यभर द्यावं लागेल.

पाण्याचं असं केलं. गच्चीचं पावसाचं पाणी २०० लिटरच्या तीन पिंपांत साठवलं. ते पुरत नाही तेव्हा बोअरच्या १० लिटर पाण्यात पाऊण चमचा लिंबूसत्त्व. माझ्या पाण्याला एवढं पुरतं, तुम्ही सामूची पट्टी बुडवून बघा. एसीचं ठिबकणारं पाणी उत्तम, पण एप्रिलात इथली हवा इतकी कोरडी की रात्रभरात अर्धी बादलीही जमत नाही. कूलरच्या टाकीतलं पाणी चुकूनही नको. पाणी उडून जातं, क्षार मागे उरतात, गवताच्या पॅडवरची खपली बघा म्हणजे कळेल. फिल्टरचं टाकाऊ पाणीही त्याच कारणाने नको.

उन्हासाठी एक जुगाड मात्र कामाला आला. प्लास्टिकची कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवली, मधल्या फटीत वाळू, आणि ती वाळू ओली ठेवायची. माठाचंच तत्त्व. वाळूला बोअरचं पाणी चालतं, कारण आतली कुंडी प्लास्टिकची आहे, चुना आत शिरत नाही. फक्त आतल्या कुंडीचं बूड विटेच्या तुकड्यावर उचलून ठेवा, नाहीतर खालच्या भोकांतून वर चढेल. मे महिन्यात लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) पडला होता, पानांच्या खालून जोरात फवारे मारून गेला. औषध लागलं नाही.

ऑक्टोबरात पुन्हा पानं पिवळी होऊन गळू लागली तेव्हा पोटात गोळा आला. पण ती जुनी, खालची पानं होती. सदाहरित अझेलियाला दोन तऱ्हेची पानं येतात. वसंतातली मोठी पानं थंडीच्या तोंडावर झडतात, उन्हाळ्याअखेरची छोटी टिकतात. पिवळेपणा नव्या पानांवर असेल तर केवडा, थंडीच्या तोंडावर जुन्यांवर असेल तर बहुतेक रीतच. सदाहरित हे नाव जरा फसवंच आहे.

कळ्या ऑगस्ट-सप्टेंबरात धरल्या, एका कुंडीला तीसेक. त्यांना उमलायला थंडी लागते आणि आमची थंडी जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या आगेमागे जेमतेम हजेरी लावून जाते. संक्रांतीच्या सुमारास कुंडी रात्रभर उघड्यावर ठेवली. काही कळ्या वाळून तपकिरी झाल्या, काहींच्या बगलेतून कोवळे फुटवे निघून कळीच्या पुढे पळाले. ते वेळेवर खुडायला हवे होते, मी उशीर केला. पहिलं फूल १९ फेब्रुवारीला उमललं, गुलाबी, एकेरी. आई काही बोलली नाही, फक्त शेजारच्या काकूंना वर घेऊन आली.

आज छाटणी केली, शेंड्यांची दोन-दोन इंच. फुलं गेल्यावर लगेचच करायची, कारण पावसाळ्यात कात्री लावली तर पुढच्या वर्षीच्या कळ्याच कापल्या जातात. खत म्हणून अमोनियम सल्फेट चिमूटभर, ओल्या मिश्रणावर.

पिंपांत दीड पिंप पाणी उरलंय. तीन कुंड्यांना रोज चार लिटर धरले तर मेअखेरपर्यंत पोचतं, पुढे लिंबूसत्त्व. एकच अडचण आहे. शेडनेट बांधायची जागा आईने कुरडयांसाठी धरली आहे, आणि तिचा चीक उद्या शिजणार आहे. म्हणजे पुढचे आठ दिवस कुंड्या जिन्याखाली.