तुम्ही विचारलंत म्हणून: फणी-कात्री निर्जंतुक करायला यूव्हीची (अतिनील किरणांची) पेटी घेतली, आता आणखी काय घ्यायचं?

ठाण्यात गोखले रोडला असो की नवी मुंबईत वाशी-ऐरोलीला, ब्युटीचे आणि केस कापण्याचे क्लास चालवणारे शिक्षक हा प्रश्न हमखास विचारतात. माझं उत्तर दरवेळी एकच असतं: प्रत्येक खुर्चीमागे अवजारांचे तीन संच घ्या. पेटी त्यानंतर. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर पेटी घेऊच नका.

पेटीतल्या नळीचा यूव्ही-सी प्रकाश, म्हणजे साधारण 254 नॅनोमीटरचा, जंतू मारतो यात वाद नाही. पण तो जिथे थेट पडतो तिथेच मारतो. वर्गात दिवे घालवून फणीवर मोबाईलचा टॉर्च धरा आणि दातांच्या मुळाशी पडलेली सावली मुलांना दाखवा. तिथे यूव्हीही पोहोचत नाही. मिटलेल्या कात्रीच्या दोन पात्यांमध्ये आणि ट्रिमरच्या पात्याखाली हीच गत. त्यावर तेल, कोंडा, कापलेल्या केसांचा भुगा असेल, तर किरण त्या थराच्या वरच अडतात. नळी जुनी झाली की निळा उजेड तसाच दिसतो, पण मारक किरण कमी झालेले असतात, आणि हे डोळ्यांनी कळत नाही. काही स्वस्त पेट्यांत तर नुसता निळा दिवा असतो. म्हणून घेतलेली पेटी कपाटासारखी वापरा: धुऊन, निर्जंतुक करून, कोरडी केलेली अवजारं ठेवायला. दार उघडलं की नळी विझते ना, तेवढं तपासून घ्या, कारण या किरणांनी डोळे आणि कातडी दोन्ही भाजतात.

खरं काम पाण्यात होतं. आधी ब्रशने केस काढायचे, मग साबणाच्या कोमट पाण्यात घासायचं, मग वाहत्या पाण्याखाली साबण पूर्ण काढायचा. हा शेवटचा भाग मुलं उरकून टाकतात आणि तिथेच घोटाळा होतो. सलूनमध्ये अवजारं बुडवायच्या निळ्या बरणीतलं जंतुनाशक द्रव्य बहुतेक वेळा क्वाट (क्वाटर्नरी अमोनियम) प्रकारचं असतं. त्याच्या रेणूंवर धन भार आणि साबणाच्या रेणूंवर ऋण, त्यामुळे साबण शिल्लक राहिला की दोघं एकमेकांना निकामी करतात. बरणी निळीच दिसते, पण काम करत नाही. कापसाचंही तसंच: कापूस आणि टॉवेल हे द्रव्य शोषून धरतात, म्हणून बरणीत कापसाचा बोळा टाकायचा नाही. घोडबंदर रोडच्या ज्या गाळ्यांना टँकरचं पाणी येतं, त्यांनी ते जड आहे का हे पाहावं. साबणाला फेस धरत नसेल तर बरणीसाठी फिल्टरचं मऊ पाणी घ्यावं, जड पाण्यात क्वाटचा जोर कमी होतो.

प्रमाण बाटलीच्या लेबलावर असतं, ते मापाच्या पेल्यानेच घ्यायचं, झाकणाने अंदाजे नाही. लेबलावर बॅक्टेरिया, बुरशी आणि विषाणू या तिन्हींचा उल्लेख हवा, कारण नायटा बुरशीमुळे होतो आणि तो फणी-मशीनवरून सहज पसरतो. अवजार पूर्ण बुडलेलं, कात्री उघडी, आणि लेबलावरचा वेळ, बहुधा 10 मिनिटं, घड्याळ लावून. पाणी रोज बदलायचं, गढूळ दिसलं तर मध्येच. आरशासमोर दिवसभर ठेवलेल्या डेटॉलच्या दुधाळ पाण्याचं एवढंच सांगेन की त्यात केस तरंगू लागले की ते फणी ओली करण्यापलीकडे फार काही करत नाही.

आता तीन संचांचा हिशेब. घासणं, धुणं, 10 मिनिटं बुडवणं, पुन्हा धुऊन पुसणं, वाळवणं यात 20 मिनिटं सहज जातात. हेअरकट अर्ध्या तासाचा. एक संच हातात, एक बरणीत, एक स्वच्छ ठेवलेला, असं असेल तरच पुढचं गिऱ्हाईक न थांबता बसतं. दोनच संच असले की एखादा कट लवकर उरकतो आणि बरणीतली फणी चौथ्या मिनिटाला बाहेर येते. शिकणाऱ्यांना नियम माहीत असतो, तोंडपाठ असतो. पण खुर्चीत माणूस बसलाय आणि दुसरी फणी नाही, तेव्हा नियम मोडतो. यात दोष मुलांचा नाही, खरेदीचा आहे. 'वापरलेली' आणि 'स्वच्छ' असे दोन वेगळ्या रंगांचे डबे ठेवा, बरणीच्या झाकणावर बुडवल्याची वेळ खडूने लिहायला लावा.

केस कापायचं मशीन बुडवता येत नाही, म्हणून त्याची रीत वेगळी. पाती ब्रशने साफ करायची, 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मारायचं आणि लेबलावर लिहिलेला वेळ ती ओली ठेवायची. 99 टक्केवालं जास्त जालीम असा समज आहे, पण ते झटकन उडून जातं, आणि जंतूंची प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतंच. 99 टक्केवालं 700 मिली आणि 300 मिली पाणी, हे झालं साधारण 70 टक्के. ड्रायर आणि स्ट्रेटनरपासून लांब ठेवा, ते पेट घेतं. अल्कोहोलने पात्यांवरचं तेलही निघून जातं, म्हणून नंतर दोन-तीन थेंब तेल टाकून मशीन काही सेकंद चालवायचं आणि जास्तीचं पुसायचं. तेल विसरलं की पाती तापतात, केस ओढतात, मान भाजते.

सफाईसाठी स्क्रू काढून पाती परत बसवताना आणखी एक चूक होते. हलणारं पातं स्थिर पात्याच्या किंचित मागे हवं. ते बरोबरीत आलं किंवा पुढे गेलं तर कातडी कापते. पाती बसवली की मशीन चालू करून आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला हलकेच टेकवून पाहायचं, मगच गिऱ्हाइकाकडे वळायचं.

दाढीच्या खुर्चीवर अर्धं ब्लेड एकाच माणसासाठी, हे आता बहुतेक ठिकाणी पाळतात. फटकडीकडे मात्र कुणी बघत नाही. तोच खडा एका गिऱ्हाइकाच्या गालावरच्या ताज्या कापावरून दुसऱ्याच्या गालावर जातो. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान 7 दिवस तग धरू शकतो. खडा कुटून पूड करा, चिमूटभर पूड कापसावर घेऊन लावा आणि कापूस टाकून द्या. वापरलेली ब्लेडं झाकणाला चीर पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात जमवा. डबा भरला की चिकटपट्टीने बंद करून वर 'ब्लेड' लिहा आणि घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळा द्या. सुट्या ब्लेडांनी त्यांचेच हात कापतात.

थ्रेडिंगचा दोरा दातात धरायची सवय पहिल्याच आठवड्यात मोडायला हवी. दोऱ्याचा फास गळ्यात अडकवून हेच काम होतं, सुरुवातीला ताण सांभाळायला जड जातं, इतकंच. वॅक्सच्या डब्यात वापरलेली काडी परत बुडवायची नाही, दर वेळी नवी. लाकडी काडी, नेल फाईल, बफर हे सगळं सच्छिद्र असतं, त्याला धुऊन निर्जंतुक करणं जमत नाही. गिऱ्हाइकाला देऊन टाका किंवा कचऱ्यात.

रक्त सांडलं तर हातमोजे घालून आधी टिपायचं, मग 0.5 टक्के हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण) ओतून 10 मिनिटं थांबायचं. बाटली 5 टक्क्यांची असेल तर 100 मिली द्रावण आणि 900 मिली पाणी, रोज ताजं. हे फरशी आणि टेबलासाठी, कात्रीसाठी नाही. स्टीलही त्याने खड्डे पडून गंजतं. टॉयलेट क्लीनरमध्ये किंवा अमोनियाच्या हेअर कलरमध्ये ते मिसळलं की विषारी वायू निघतो, म्हणून त्याची बाटली कलरच्या कपाटात नको.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे टॉवेल वाळत नाहीत आणि ओलसर टॉवेलची घडी बुरशीला फार मानवते. 60 अंशाला धुऊन ड्रायरमध्ये पूर्ण वाळवणार असाल तरच कापडी टॉवेल ठेवा, नाहीतर पावसाळ्यापुरते कागदी घ्या. त्याच दिवसांत कात्र्या बरणीत रात्रभर राहू देऊ नका. संध्याकाळी शेवटची बॅच सुटताना बरणी रिकामी करायची, कात्र्या धुऊन फडक्याने पुसायच्या, स्क्रूपाशी तेलाचा एक थेंब सोडून दोन-तीनदा उघडझाप करायची, आणि त्या उघड्याच ठेवायच्या.