खोकल्याचं इंजेक्शन

मी पॅथॉलॉजिस्ट. मानेतल्या गाठीची बायोप्सी आली की मी आधी फॉर्मवरचा हिस्ट्रीचा रकाना बघते. बहुतेक वेळा तिथे 'लिम्फ नोड', म्हणजे लसीकाग्रंथी, एवढंच लिहिलेलं असतं, म्हणजे पार्सलवर 'पार्सल' लिहिल्यासारखं. या फॉर्मवर तेही नव्हतं. वय ९, मुलगा, बस्स.

स्लाइड लावली तेव्हा वाटलं, तुकडा फॉर्मलिनमध्ये उशिरा पडलाय. थोड्या वेळाने ते मत बदललं. कुजलेल्या तुकड्यात सगळंच पुसट होतं. इथे रक्तवाहिन्या ठणठणीत होत्या, मधल्या पेशी तेवढ्या मेलेल्या. केंद्रकं आकसून गडद जांभळे गोळे झालेले, मोहरी सांडावी तसे. अधूनमधून मॅक्रोफेज, म्हणजे मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशी, तीच मोहरी पोटात घेऊन बसलेले. सूज आली की धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, एकही नाही. पेशी फुटून मेली की सगळी गल्ली गोळा होते, सूज येते. इथली मरणं गुपचूप झाली होती, मागची झाडलोटही उरकून. अपॉप्टोसिस, पेशीने स्वतःच शिस्तीत मरणं.

वेगाने वाढणाऱ्या लिम्फोमात, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरमध्ये, ते थोडंफार असतंच, पण इतकं? जिवंत पेशींची दोन-तीन बेटं कडेला उरली होती. आमच्या टेक्निशियनने मेणात बसवलेल्या तुकड्यातून, ब्लॉकमधून, चार वेळा खोल काप घेतले, एका शब्दाने न कुरकुरता, आणि त्यात ती बेटंही संपली. पेशी कुठल्या जातीची ते सांगणारे रंग, टीडीटी, सीडी३, लावून पाहिले. मेलेल्या पेशींवर तो रंग नुसता थापला जातो. त्यावर निदान देणाऱ्याची मला भीती वाटते.

सर्जनना फोन केला. "स्टेरॉईड दिलंय का?"

"नाही मॅडम, आम्ही काहीच दिलेलं नाही."

त्यांनी खरंच दिलं नव्हतं. मग वडिलांना फाइल घेऊन बोलावलं.

"स्टेरॉईड कुठलं मॅडम? खोकला होता, दम लागायचा, म्हणून गावात पाच दिवस खोकल्याचं इंजेक्शन घेतलं. लई गुण आला बघा. गाठ पण निम्मी झाली. दोन दिवस उलट्या झाल्या तेवढ्या, इंजेक्शन गरम पडलं असंल."

फाइलच्या तळाशी चिठ्ठी होती: डेक्सा, दिवसातून दोनदा. डेक्सा म्हणजे डेक्सामेथासोन, स्टेरॉईडच. तिच्यामागे तिसऱ्या दिवसाचा रक्ताचा रिपोर्ट. युरिक अॅसिड ९.८, पेशी मेल्या की रक्तात वाढणारं एलडीएचही चढलेलं, दोन्हींपुढे चांदण्या छापलेल्या. एवढ्या पेशी एकदम मेल्या की त्यांच्या डीएनएचा कचरा युरिक अॅसिड होऊनच रक्तात येतो. मूत्रपिंडं वाचली हे पोराचं नशीब. चांदण्या कुणीच बघितल्या नव्हत्या.

स्टेरॉईड पेशीच्या आवरणातून सरळ आत शिरतं. आतल्या रिसेप्टरला चिकटतं, दोघं मिळून केंद्रकात जातात आणि तिथे कुठली जनुकं चालू, कुठली बंद, हे बदलतात. लिम्फोसाइटमध्ये, त्यातही छातीतल्या थायमस ग्रंथीमधल्या कोवळ्या टी पेशींत, बिम नावाचं प्रथिन वाढतं आणि पेशीला जगवणाऱ्या बीसीएल-२ची राखण मोडते. मायटोकॉन्ड्रियाला भोकं पडतात, सायटोक्रोम सी बाहेर येतं, कॅस्पेज नावाची कापणारी एन्झाइम्स जागी होतात आणि पेशी स्वतःला कापत सुटते. कापणंही शिस्तीत. १९८० साली अँड्र्यू वायली यांनी स्टेरॉईड दिलेल्या थायमस पेशींचा डीएनए जेलवर पळवला, तर साधारण १८० बेसजोड्यांच्या पटीतल्या तुकड्यांची शिडीच उमटली. एमडीला मी ती शिडी पाठ केली होती. ती एखाद्या मुलाच्या निदानाच्या आड येईल असं परीक्षेत कुणी विचारलं नाही.

गावातल्या डॉक्टरांना शिव्या घालणं सोपं आहे. रात्री धापा टाकणारं मूल समोर असेल तर मीही डेक्साकडे हात नेला असता. पण मानेत गाठ दिसत असताना छातीचा एक एक्स-रे? तापाला डेक्सा, खाजेला डेक्सा, खोकल्याला डेक्सा. गुण येतो म्हणून लोकही तेच मागतात.

मी रिपोर्ट लिहिला: निदान देता येत नाही. बोन मॅरो स्वच्छ निघाला. सीटीवर छातीत थायमसच्या जागी जेमतेम काहीतरी उरलं होतं. कॅन्सरच्या डॉक्टरांनी स्टेरॉईड पूर्ण बंद ठेवून दर आठवड्याला तपासायचं ठरवलं. म्हणजे गाठ परत यायची वाट बघायची. हे बापाला कुठल्या तोंडाने सांगतात, मला माहीत नाही. ते काम माझ्याकडे नव्हतं.

अठराव्या दिवशी गाठ परत आली. या वेळी स्लाइडवर खच्चून भरलेल्या जिवंत पेशी, टीडीटी केंद्रकाकेंद्रकात तपकिरी. टी लिम्फोब्लास्टिक लिम्फोमा, कोवळ्या टी पेशींचा कॅन्सर. दहा मिनिटांचं काम.

ब्लॉक न्यायला वडील आले तेव्हा त्यांच्या हातात उपचाराचा कागद होता. पहिल्या आठवड्यात प्रेडनिसोलोन.

"मॅडम, हे पण स्टेरॉईडच म्हणाले. मग त्या डॉक्टरनं चुकीचं काय दिलं?"

मी सांगितलं, औषध चुकीचं नव्हतं, पण ते एकटं पुरत नाही. बरोबर बाकीची औषधं लागतात, आणि आधी आजाराचं नाव कळावं लागतं. ते "हां, हां" म्हणाले, डॉक्टरसमोर म्हणतात तसं.

पहिली स्लाइड माझ्या खणात आहे. कडेची ती बेटं पाच दिवस डेक्सा पचवून तशीच उभी होती. त्यांच्यात बिम वाढलंच नाही, की रिसेप्टर कमी होते, की त्यांची पाळी यायची होती, ते एच अँड ईवर, म्हणजे स्लाइडच्या नेहमीच्या जांभळ्या-गुलाबी रंगावर, दिसत नाही. तरी मधूनमधून लावून बघते.