आमची वाटचाल: टर्पीनचा आकडा आणि अर्काचा दर्जा

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ ला गांजा कायदेशीर झाला आणि त्याच्या अर्कांना त्यानंतर वर्षभराने परवानगी मिळाली. त्या सुमारास मी आणि माझ्या बायकोने तिथल्याच मिसिसागा शहरात छोटी तपासणी प्रयोगशाळा काढली. दोघंही रसायनशास्त्राचे. मुंबईत असताना सुगंधी तेलं तपासायचो. गवती चहाच्या तेलात बाहेरचं सिट्रल (त्याला लिंबासारखा वास देणारा घटक) घातलंय का, लिंबाच्या तेलात संत्र्याचं टर्पीन (वनस्पतींना वास देणारं, सहज उडून जाणारं संयुग) मिसळलंय का, हे शोधणं रोजचंच होतं. भारतात १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आहे, त्यामुळे घरच्यांना काळजी वाटली. आम्ही पिकवत नाही, विकत नाही, फक्त तपासतो, हे समजावून सांगितलं.

इथे कॅनडात टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक), कीटकनाशकं, उरलेलं द्रावक, जंतू यांची तपासणी सक्तीची आहे; टर्पीनची नाही. तरीही बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न विचारतात तो टर्पीन किती टक्के, हाच. नुसत्या टक्क्यांवरून दर्जा ठरत नाही, हे सांगण्यात आमची पहिली वर्षं गेली.

लाइव्ह रेझिनची, म्हणजे ताज्या गोठवलेल्या झाडापासून काढलेल्या अर्काची, बरणी घ्या. तळाशी टीएचसीएचे (टीएचसीच्या मूळ आम्लरूपाचे) खडे, वर पातळ सोनेरी रस. टर्पीन मुख्यतः त्या रसात असतं. वरून थेंब घेतला तर आकडा फुगतो, खडा उचलला तर पडतो. म्हणून आम्ही बरणी आधी थंड करतो, आतला माल एकजीव करतो आणि वजन करून लगेच वायलला (छोट्या काचेच्या बाटलीला) झाकण लावतो. गरम केलं तर ढवळणं सोपं होतं, पण पायनीन, मर्सिन यांसारखी हलकी टर्पीन तेवढ्यात उडून जातात.

मग गॅस क्रोमॅटोग्राफचा, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्राचा, आलेख. त्यातलं प्रत्येक शिखर साधारणपणे एका घटकाचं. ताज्या गोठवलेल्या झाडाच्या अर्कात मोठ्या शिखरांच्या पायथ्याशी बारीक शिखरांची दाटी असते. डिस्टिलेट (ऊर्ध्वपातन करून शुद्ध केलेला अर्क) बनवताना टर्पीन जवळजवळ निघूनच जातं, ते नंतर वरून घालतात. तिथे पुष्कळदा चार-पाच उंच शिखरं आणि मधे मोकळं रान दिसतं. टक्केवारी मात्र भरघोस! अशा मालाला वाईट म्हणायचं कारण नाही, पण तो लाइव्ह रेझिन म्हणून विकू नये, एवढंच आम्ही ठामपणे सांगतो. आकडा वाढवून मागणाऱ्यांचं काम आम्ही घेत नाही. काही ग्राहक त्यामुळे गेले, ते जाऊ दिले.

वास हा सगळा टर्पीनचाच असतो असंही नाही. गांजाचा तो उग्र दर्प अत्यल्प गंधकयुक्त संयुगांमुळे येतो, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं. म्हणून यंत्राबरोबर नाकानेही तपासतो. माझ्यापेक्षा बायकोचं नाक तयार आहे.

आता अहवालावर तपासणीची तारीख आणि नमुना कुठल्या तापमानाला ठेवला होता, हे ठळक छापतो. तीच बरणी काही महिने उबेत राहिली, की मर्सिन उतरतं आणि कॅरिओफिलीन ऑक्साइड (कॅरिओफिलीन या टर्पीनचा ऑक्सिजनशी संयोग होऊन बनणारं संयुग) वर येऊ लागतं.