नकाशाची पीडीएफ दाबून दाबून तिचा जीव घेऊ नका

राजेहो, आपल्या विदर्भात आता शेततळं म्हणा, नाला खोलीकरण म्हणा, प्रस्तावासोबत नकाशा जोडतातच, तो क्यूजीआयएसमधून (नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमधून) पीडीएफ काढून रिपोर्टात टाकतात आणि फाईल जड झाली की तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याले सांगतात, "भौ, कमी करून दे". फाईल होते कमी, पण गट नंबर ४२ हाय का ४७ तेच वाचता येत नाही. मग नकाशा जोडला काहून?

नकाशात दोन जिनसा असतात. बांधाच्या रेषा आणि अक्षरं ही वेक्टर, म्हणजे "इथून तिथपर्यंत ओढ" अशी लिहिलेली आज्ञा. ती फ्लेट पद्धतीने दाबली जाते, म्हणजे फाईल लहान होते, झिपमध्ये असते तीच, एक टिंबही हरवत नाही. खालचं सॅटेलाईट चित्र मात्र पिक्सेलचं, त्याला जेपीईजी (थोडा तपशील गमावून फोटो दाबायची पद्धत) चालतं. पण जेपीईजी ८×८ पिक्सेलच्या तुकड्यांत काम करतं, म्हणून रेषांचंच चित्र करून त्याला जेपीईजी लावलं की प्रत्येक बांधाच्या कडेला धूर दिसतो. वजन असतं त्या सॅटेलाईट चित्राचं अन् मार खातात बिचाऱ्या रेषा, हे मला अजिबात पटत नाही!

म्हणून आधी पीडीएफ ८०० टक्के झूम करून पाहा. रेष धारदार राहिली तर वेक्टर, पायऱ्या दिसल्या तर चित्र. एखाद्या लेयरले (नकाशाच्या थराले) ब्लेंड मोड, म्हणजे खालच्या थरात रंग मिसळायची सेटिंग, दिला असला की क्यूजीआयएस त्याचं चित्रच करून टाकतं, तो काढा, आणि बॅकग्राउंड तेवढं १५० डीपीआयवर (एका इंचात १५० टिंबं) आणा.

लेटेकमध्ये (थिसिस-पेपर मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये) थिसिस लिहिणाऱ्या पोरांनो, त्याची पीडीएफ बनवणारा पीडीएफटेक प्रोग्राम आत जोडलेल्या पीडीएफचा डेटा जसाच्या तसा उचलून ठेवतं, त्याची कॉम्प्रेस लेव्हल (किती दाबायचं तो आकडा) आधीच सगळ्यात जास्त, ९ असते आणि ती फक्त त्याने स्वतः बनवलेल्या भागाला लागते, म्हणून ग्राफ हलका करायचा तर तो जिथं बनवला तिथंच करा.

आणि सोबतचा जुना सातबारा कलरमध्ये स्कॅन करू नका ना. ए४ पान ३०० डीपीआयवर कलरमध्ये दाबण्याआधी साधारण २६ एमबी भरतं, निव्वळ काळ्या-पांढऱ्यात १ एमबीच्या आसपास, आणि त्यावर ग्रुप ४ कॉम्प्रेशन (काळ्या-पांढऱ्या पानासाठीची फॅक्सची दाबायची पद्धत) लावलं तर आणखी कितीतरी कमी, तेही काहीच न हरवता. एवढी जागा वाचली की बहुतेक वेळा नकाशाला हात लावायची गरजच पडत नाही.