आमची वाटचाल : एक खोटा आळ आणि मॅडमची ऑर्डर

कॅन्सरच्या बहुतेक रुग्णांचा घात मूळ गाठ करत नाही. तिथून सुटून फुप्फुसात, यकृतात, हाडांत जाऊन बसलेल्या पेशी करतात. त्यांची वाट अडवणाऱ्या अँटीबॉडी, म्हणजे एका ठरावीक प्रथिनालाच धरणारी प्रथिनं, आम्ही पुण्यात बनवतो. आमचं टार्गेट ॲक्सल, पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन. गॅस६ नावाचं दुसरं प्रथिन त्याला चिकटलं की पेशी जागा सोडून हिंडू लागते. आमची अँटीबॉडी ती जागा आधीच धरते. ॲक्सल निरोगी पेशींवरही असतं, म्हणून अँटीबॉडीच्या एफसी भागात, म्हणजे मारेकरी पेशींना बोलावणाऱ्या शेपटीत, ती हाक दाबणारं लाला म्युटेशन घातलं. पेशी मारायची नाही, फक्त रोखायची.

अँटीबॉडी बनवणाऱ्या सीएचओ पेशी (हॅमस्टरच्या), त्या हलवत वाढवणारा एक शेकर आणि सेकंडहँड घेतलेला ॲक्टा, म्हणजे प्रथिनं शुद्ध करायचं यंत्र, एवढ्यावर सुरुवात केली. अँटीबॉडी पकडून वेगळी करणारा प्रोटीन-ए कॉलम मी अजून स्वतःच्या हाताने धुतो. पहिली काही वर्षं बरी गेली.

मग एका मोठ्या कंपनीचा मेल आला : तुमच्या मालात गुठळ्या आहेत (अँटीबॉडी एकमेकींना चिकटल्यात), पैसे मिळणार नाहीत. त्याच बॅचची राखून ठेवलेली कुपी आम्ही एसईसीवर, म्हणजे रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या कॉलमवर, चालवली. दीडशे किलोडाल्टनच्या, म्हणजे एकट्या अँटीबॉडीच्या वजनाच्या, जागी आलेखात एकच स्वच्छ शिखर! त्यांनी परत पाठवलेल्या कुपीत मात्र त्याच्या आधीच, जिथे मोठ्या गुठळ्या बाहेर पडतात तिथे, भलामोठा उंचवटा. त्यांच्याच लॅबमधल्या मुलाने फोनवर सांगितलं, कुपी दर प्रयोगाला उणे वीसमधून काढून वितळवायची आणि पुन्हा गोठवायची. असं केल्यावर गुठळ्या होणार नाहीत तर काय? दोन्ही आलेख पाठवले, तरी पैसे बुडाले ते बुडालेच. वर आमच्या एका स्पर्धकाने 'त्यांचा माल गुठळतो' हे गावभर केलं. ऑर्डरी रद्द झाल्या, घर गहाण टाकून पगार केले. तो आळ मला आजही सहन होत नाही.

एका मॅडमनी मात्र ऑर्डर थांबवली नाही. "आलेख बघितलेत मी, पुढची बॅच कधी देताय?" एवढंच विचारलं. त्या ४टी१ पेशी, म्हणजे उंदराच्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी, उंदरांत सोडून काम करतात. त्यांनी बोलावून फुप्फुसं दाखवली. आत काळी शाई भरली की फुप्फुस काळं होतं आणि गाठी पांढऱ्या उठून दिसतात. अँटीबॉडी न दिलेल्या उंदराचं फुप्फुस पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं, आमची दिलेल्याचं बरंचसं काळं. उंदरातलं यश म्हणजे औषध नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरी त्या दिवशी ऊर भरून आला.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनो, प्रत्येक बॅचची कुपी उणे ऐंशीत राखून ठेवा. माल छोट्या कुप्यांत वाटूनच पाठवा. आणि माणसाच्या प्रथिनाला धरणारी अँटीबॉडी उंदराच्या प्रथिनालाही धरते का, हे प्राण्यांवरच्या प्रयोगाआधी तपासा, नाहीतर उंदीरही जातात आणि वर्षही.

मॅडमची पुढची बॅच सध्या शेकरवर आहे.